जुन्या ब्रॉडबँडला आज रामराम

कनेक्शन बंद करायला फोन केला, तर पलीकडून लगेच, ‘सर, तुमच्यासाठी खास ऑफर आहे.’ म्हणजे इतकी वर्षं हा दर देता येत होता तर! जुन्या ग्राहकाला महाग आणि निघालेल्याला स्वस्त, हा हिशोब काही पटला नाही. नकोच म्हटलं.

नवीन फायबर निम्म्या पैशांत, शिवाय अपलोडही डाउनलोडइतकंच. जुन्या तांब्याच्या तारेत टेलिफोन एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका वेग घसरतो. फायबरला एवढ्या अंतराने फरक पडत नाही. अर्थात स्प्लिटर लावून एकच फायबर ३२, कधी ६४ घरांत वाटतात, तेव्हा रात्री गर्दीच्या वेळी काय होतं ते बघू.

कुणी बदलणार असाल तर नवीन चालू झाल्यावरच जुनं तोडा. आणि राउटर परत दिल्याची पावती मागून घ्या, डिपॉझिट तिथेच अडतं.