तुम्ही विचारलंत म्हणून : चुका काढण्याचा पगार

"दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा, हे कसलं हो काम?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, आणि रंकाळ्यावर फिरताना शेजारी चालणाऱ्या अनोळखी गृहस्थांनीही विचारला आहे. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका फॅब्रिकेशन कारखान्यात गुणवत्ता निरीक्षक आहे. कोल्हापूर म्हटले की लोकांना फाउंड्री आठवते. आमचे काम मात्र ओतण्याचे नाही, पत्रे कापून जोडण्याचे आहे.

चुका काढणे हा माझ्या कामाचा शेवटचा आणि खरे तर सर्वांत महागडा भाग आहे, कारण वेल्ड पूर्ण झाल्यावर सापडलेला दोष ग्राइंडरने खोदून पुन्हा भरावा लागतो, त्यात वेल्डरचा दिवस जातो आणि पुन्हा उष्णता बसल्याने पत्रा आणखी ओढला जातो. म्हणून सकाळी मी वेल्डच्या आधी रॉड, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या आवरण लावलेल्या धातूच्या कांड्या, पाहतो. जाड पत्र्याला वापरतो त्या ७०१८ रॉडचे आवरण हवेतला ओलावा शोषते. आर्कच्या, म्हणजे रॉड आणि पत्रा यांमधल्या विजेच्या ज्योतीच्या, उष्णतेत त्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो, तो पोलादात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, भेग पडते. संध्याकाळी पास केलेला जोड सकाळी तडकलेला आढळतो, तो असा. कोल्हापूरच्या जुलैत, भिंतींनाही ओल येते तेव्हा, उघड्या पाकिटातले रॉड ओव्हनमध्ये सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजून नंतर विजेवर गरम राहणाऱ्या डब्यातच ठेवावे लागतात. डब्याची वायर कुणी पंख्यासाठी काढलेली नाही ना, हे पाहणे हीही माझीच तपासणी.

पत्र्याचेही तसेच. कापण्याआधी त्याचा हीट नंबर, म्हणजे पोलाद भट्टीच्या कोणत्या खेपेतले हे सांगणारा क्रमांक, प्रत्येक तुकड्यावर पंच करून घेतला नाही, तर नंतर कोणता तुकडा कोणत्या प्रमाणपत्राचा, हे कोणीच सांगू शकत नाही.

आमच्याकडचे सर्वांत जुने वेल्डर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, मला एकदा म्हणाले, "साहेब, एवढं निरखून बघताय, या टाकीला पोरगी द्यायची हाय व्हय?" त्यांनी जोडलेल्या नोझलची, म्हणजे टाकीला पाइप जोडायच्या तोंडाची, डीपी (डाय पेनिट्रंट) तपासणी चालली होती; तीत रंग भेगेत मुरवून भेग शोधतात. जोड स्वच्छ करून त्यावर लाल रंग फवारायचा, दहा मिनिटे थांबायचे, मग तो क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसायचा. क्लीनर थेट जोडावर मारायचा नाही, नाहीतर भेगेतला रंगही धुऊन जातो आणि खराब जोड निर्दोष दिसतो. शेवटी भेगेतला रंग वर ओढणारा पांढरा डेव्हलपर. मामा हसत उभे होते, तोवर त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. त्यांनी ती वाकून पाहिली, काही न बोलता ग्राइंडर उचलला, आणि मीही काही बोललो नाही. इतक्या सुबक वेल्डखाली भेग असेल, असे मलाही वाटले नव्हते.

माझ्याही हातून चूक झाली आहे, आणि ती कोणत्याही वेल्डरपेक्षा मोठी होती. माल पाठवण्याची घाई होती. ब्रॅकेटच्या फिलेट वेल्डला, म्हणजे दोन पत्र्यांच्या कोपऱ्यात भरलेल्या तिकोनी वेल्डला, मी दोन्ही टोकांना माप घेण्याचे गेज लावले, तेथे ड्रॉइंगप्रमाणे ६ मिलिमीटर मिळाले, आणि मधलाही तेवढाच असणार असे गृहीत धरून सही केली. मधे तो ४ भरला. गेजने मोजतो तो फिलेटचा पाय, म्हणजे पत्र्यावरची बाजू; ताकद ठरवणारा घसा, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डची सर्वांत कमी जाडी, पायाच्या सुमारे ०.७ पट असतो, म्हणजे ४.२ ऐवजी २.८ मिलिमीटर, एक तृतीयांश ताकद माझ्या सहीखाली गायब. ग्राहकाच्या निरीक्षकाने साइटवर ते पकडले आणि रात्रीच्या टेम्पोने एका वेल्डरला घेऊन मला जावे लागले. ब्रॅकेटखाली पाठीवर झोपून तो वेल्ड भरत होता, तेव्हा मधे माप का कमी भरले हे मला कळले: तेथे हात पोहोचतच नव्हता. आता गेज मी पहिल्यांदा तशाच जागी लावतो, टोकांना नंतर.