जॅगरी म्हणजे नेमकं काय?

गुळाला इंग्रजीत 'जॅगरी' म्हणतात आणि हा शब्द इंग्लंडमध्ये सगळ्यांना ठाऊक असेल, असं आपण गृहीत धरतो. आपल्याकडे इंग्रजी माध्यमातल्या पोरांनाही तो पाठ असतो. इथे यॉर्कशायरमधल्या लीड्समध्ये माझ्या बरोबर काम करणाऱ्या बहुतेकांनी तो कधी ऐकलेला नव्हता. शब्दकोशात तो आहे, पण काही शब्दकोशांत पहिला अर्थ येतो तो ताडाच्या रसापासून केलेल्या कच्च्या साखरेचा. ऊस मागाहून.

सुट्टीत कोल्हापूरला आलो होतो तेव्हा मामांच्या गुऱ्हाळावर हे सांगितलं, तर मामा तडकलेच. "ताडाचा? मग आमी ह्ये काय कढवतोय रं?"

त्यांचा राग रास्त आहे. ज्या गावात शाहू महाराजांनी 1895 साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, ज्याच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथल्या माणसाला ही व्याख्या लागणारच. पण तिला कारण आहे. इंग्रजांनी हा शब्द पोर्तुगिजांकडून घेतला, पोर्तुगिजांनी दक्षिणेतल्या भाषांकडून, आणि त्या किनाऱ्यावर ताडामाडाचा गूळ घरोघरी होता. मुळाशी आहे संस्कृतातली 'शर्करा'. तीच शर्करा फारसी-अरबीतून फिरत युरोपात गेली आणि 'शुगर' झाली. म्हणजे शुगर आणि जॅगरी सख्ख्या बहिणी. आपला गूळ मात्र 'गुड'वरून आलेला, त्याचं घराणंच वेगळं.

माझ्या मते खरी अडचण पुढे आहे. जॅगरी म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आपली माणसं पटकन 'ब्राउन शुगर' म्हणून मोकळी होतात. ते साफ चूक आहे. इथल्या दुकानातली ब्राउन शुगर बऱ्याचदा पांढऱ्या साखरेलाच मळीचा हात दिलेली असते. काकवीला 'मोलॅसिस' म्हणणं तर त्याहून वाईट. मोलॅसिस म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर कारखान्यात उरते ती मळी. काकवीतून काहीच काढून घेतलेलं नसतं.

त्या दिवशी काहिलीजवळ उभा राहून हेच बघत होतो. रसात रानभेंडीचं पाणी पडलं की मळ फेसासकट वर येतो आणि गुळव्या तो झाऱ्यानं काढत राहतो. जातो तो एवढाच. रस आटत 105 अंशांच्या आसपास आला की काकवी, 118 च्या आसपास गूळ. गुळव्याजवळ थर्मामीटर नव्हता. त्यानं गार पाण्यात थेंब सोडला, बोटांत धरून गोळी वळून पाहिली आणि काहील उतरवायला सांगितली. चुलाणात आदल्या दिवशीची चिपाडं जळत होती. हे सगळं एका इंग्रजी शब्दात मावेल कसं?

यॉर्कशायरची माणसं हे समजून घेतात, असा माझा अनुभव आहे. त्यांच्याकडे ओटच्या पिठाचा 'पार्किन' नावाचा केक असतो, 5 नोव्हेंबरच्या शेकोटीच्या रात्री हटकून खातात. त्यात काळा ट्रीकल घालतात. ट्रीकल मळीच्याच कुळातला, चवीला किंचित कडवट. शेजारच्या आजींना मी गुळाचा खडा दिला तेव्हा त्यांनी तो चघळून सांगितलं, की हा ट्रीकलसारखा जिभेला टोचत नाही. फरक त्यांना चवीनंच कळला.

इकडे शिकायला येणाऱ्या पोरांनी एवढं ध्यानात ठेवावं. जॅगरीचं अनेकवचन करत नाहीत, ढेपेला 'अ ब्लॉक ऑफ जॅगरी' म्हणायचं. समोरच्याला कळलं नाही तर 'अनरिफाइन्ड केन शुगर' म्हणा आणि रस आटवून करतात हे एका वाक्यात सांगा. साध्या सुपरमार्केटात गुळाच्या सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे 'मस्कोवाडो', मळी न काढलेली तपकिरी साखर. गूळच हवा असेल तर भारतीय किराणा दुकान गाठा. तिथे पाकिटावर 'गूर' किंवा 'गोळ' असंही लिहिलेलं असतं. आणि घरून न्यायचा असेल तर ढेप फोडूनच बांधा, इथल्या थंडीत ती दगडासारखी होते.