युरिया स्वस्त पडतो ना!

आज पलूसकडं मामांच्या वांग्याच्या रानात होतो. जेमतेम वीस गुंठं. मामांनी युरियाचं पोतं फोडलं, घमेल्यात घेतलं आणि मुठीनं फेकत सुटले. मागनं पाटपाणी. म्हटलं, "मामा, ठिबक हाय की!" तर म्हणाले, "उंदरांनी नळ्या कुरतडल्यात. आन् पाटानं दिलं की भिजल्यागत वाटतं."

४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, त्यात ४६ टक्के नत्र. डीएपी, म्हणजे नत्र-स्फुरदाचं खत, १३५० ला. हात युरियाकडंच वळणार, मामांना काय बोलायचं? पण वर फेकलेल्या युरियातलं थोडं नत्र हवेत उडतं, थोडं पाण्याबरोबर मुळांच्या खाली जातं. उरलेल्यानं झाड काळंभोर, लुसलुशीत होतं आणि रस शोषणाऱ्या तुडतुड्यांची चंगळ. मग फवारणीचा खर्च आलाच. शेजारचं रान तर मीठफुटीनं पांढरं पडलंय. निचरा नाही आणि पाण्याला माप नाही.

मामी मात्र पक्क्या. शेंडा सुकलेला दिसला की मोडून पिशवीत, आतल्या अळीसकट. खर्च शून्य. "दुकानदाराला सांगू नगंस," म्हणाल्या, "उधारी बंद करंल."