कागदावरचा वाढदिवस

३१ मे २०२५, शनिवार

आमच्या पिढीतले निम्मे मास्तर १ जूनचेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख. त्या हिशेबाने आज अठ्ठावन्न भरली आणि मी निवृत्त झालो. आई असती तर म्हणाली असती, "अरे, तू तर पावसाळ्यातला."

कपाटाच्या चाव्या दिल्या, पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक जुळवून सही केली. शाळेला सुट्टी, बाहेर रणरणतं ऊन. शाल-नारळ घेऊन घरी आलो.

१९९१ ला पी.टी.चा मास्तर म्हणून लागलो. सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं. घरात माग, आई विड्या वळणारी. घरी तेलुगू, मैदानावर मराठी. रात्री मागाला हात लावून पहाटे सहाला खो-खोला हजर! फक्की मारून पाट्या आखायचं कामही त्यांचंच. सुताराने दिलेला खांब मापापेक्षा उंच भरला, तो मी स्वतः करवतीने कापला होता.

एक पोरगा वाऱ्यासारखा पळायचा, पण खो देताना आवाज घशातच. पाठीला हात लागायचा, 'खो' ऐकू यायचा नाही, पंचांची शिट्टी वाजायची. शेवटी जानेवारीत त्याला गड्ड्याच्या यात्रेत नेलं. होम मैदानावर पाळण्यांचा, पिपाण्यांचा दंगा. मी वीस पावलांवर उभा राहिलो, म्हटलं, "मला इथं ऐकू आला पाहिजे." लोक बघायला लागले, तो लाजून लाल, पण ओरडला. आज तो मार्केट यार्डात कांद्याचे सौदे पुकारतो. त्याचं श्रेय मी घेतो, कुणी देवो न देवो.

शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक. शिक्षकांच्या पदांची संचमान्यता, शाळेच्या माहितीचं यू-डायस, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या. त्याबद्दल काय लिहायचं! एक मात्र लिहून ठेवतो. दिवाळीनंतर दहावीचा पी.टी.चा तास गणिताला द्यायचे, म्हणून तरुणपणी मी दोन मुख्याध्यापकांशी भांडलो होतो. एकाशी तर वर्षभर अबोला. खुर्चीत बसल्यावर पहिल्याच वर्षी निकाल घसरला आणि तोच तास मी गणिताला दिला. आमचे पी.टी.चे सर भांडायलासुद्धा आले नाहीत. ते जास्त लागलं.

परवा जूनचं वेळापत्रक केलं. दहावीचा तो तास परत मैदानाला लावलाय. नवे साहेब खोडतील. मी असतो तर मीही खोडला असता.