गरोदरपणातील जळजळ आणि पलंगाचा उतार

सातव्या महिन्यात रात्री अंथरुणाला पाठ टेकली की काही मिनिटांतच घशाशी आंबट पाणी येई आणि छातीच्या मधोमध आग पेटल्यासारखे वाटे. सुरुवातीचे काही आठवडे मी सगळा दोष खाण्याला दिला. तळलेले सोडले, तिखट सोडले, कॉफी सोडली. जळजळ थोडी कमी झाली, पण रात्र काही सुधारली नाही.

कारण समजले तेव्हा उपायही बदलले. गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) शरीरातील स्नायू सैलावतात आणि त्यांत अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला झडपेसारखा स्नायूही येतो. त्यातच वाढते गर्भाशय जठराला खालून वर रेटते. म्हणजे सैल झालेली झडप आणि खालून येणारा दाब अशी ही जोडगोळी असते, आणि आडवे झाल्यावर आम्लाला खाली ठेवणारे गुरुत्वाकर्षणही मदतीला उरत नाही. काय खाल्ले यापेक्षा किती खाल्ले आणि त्यानंतर किती वेळाने आडवे झालो, याला माझ्या बाबतीत तरी अधिक महत्त्व होते.

म्हणून मी रात्रीचे जेवण लवकर आणि अर्धपोटी घेऊ लागले, दिवसाचे खाणे पाच-सहा लहान वाट्यांत विभागले आणि जेवणानंतर निदान तीन तास आडवे होणे टाळले. उशांची चळत रचण्याचा प्रयोग फसला, कारण त्याने शरीर कमरेत वाकते आणि पोटावर उलट अधिक दाब येतो. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली सुमारे १५ सेंटीमीटर उंचीचे ठोकळे ठेवल्यावर मात्र धड सलग उतारावर आले. डाव्या कुशीवर झोपल्याने जठर अन्ननलिकेपेक्षा खालच्या पातळीवर राहते, हेही उपयोगी पडले.

एवढे करूनही भागले नाही तेव्हा डॉक्टरांनी कॅल्शियम कार्बोनेट असलेले अँटासिड दिले. अँटासिडमुळे लोहाचे शोषण कमी होते, त्यामुळे लोहाच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवण्यास त्यांनी बजावले. पाण्यात खाण्याचा सोडा घालून पिण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. पण त्यातून शरीरात बरेच सोडियम जाते व पाणी साठून राहू शकते, म्हणून गरोदरपणात तो टाळावा. (बाळाला दाट केस असल्याने जळजळ होते, हेही बरेचदा ऐकले. केस उपटून तर काही उपाय होणार नव्हता!)

एक गोष्ट मात्र जळजळ समजून अंगावर काढू नये. विसाव्या आठवड्यानंतर बरगड्यांखाली, विशेषतः उजवीकडे, तीव्र दुखू लागले आणि सोबत डोकेदुखी, नजरेपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज असेल, तर ते प्रीएक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गरोदरपणातील वाढलेल्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी अँटासिड घेऊन वाट पाहू नये, त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

माझी जळजळ प्रसूतीनंतर काही दिवसांतच थांबली. ठोकळे काढायचे मात्र पुढे दोन महिने राहूनच गेले.