सयाजीरावांचं तैलचित्र विकताना

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा जिवाला घोर लागला तो महाराजांचा. पणजोबा बडोदा संस्थानात नोकरीला होते. निवृत्त होऊन पुण्याला परतताना त्यांनी सयाजीराव गायकवाडांचं साडेचार फुटी तैलचित्र आणलं. मोत्यांच्या माळा, पागोटं, तलवारीच्या मुठीवर हात. फ्लॅटमध्ये तेवढी भिंत नाही आणि आम्ही भावंडं तिघं. म्हणून लिलाव.

घरात सगळे म्हणायचे, हे राजा रविवर्म्याचं. तो १८८१ साली बडोद्याला गेला होता, एवढाच काय तो आधार. मुंबईहून लिलावसंस्थेच्या बाई आल्या, त्यांनी चित्र आधी उलटं करून पाठ पाहिली. कापडाची वीण, लाकडी चौकट, गंजलेले खिळे. मग खोलीत अंधार करून अतिनील दिवा लावला. जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि मागाहून लावलेला रंग काळा दिसतो. महाराजांच्या गालावर, हातावर काळे ठिपके उमटले. पूर्वी कुणीतरी डागडुजी केली होती. सही कुठेच नव्हती. "चेहरा फोटोवरून घेतलेला दिसतो, चित्रकार अज्ञात," त्या म्हणाल्या. आई उठून आत गेली.

आई दर दसऱ्याला चित्र खोबरेल तेलाने पुसायची, फार मायेने. त्या तेलावर धूळ धरून पार्श्वभूमी काळवंडली होती. साफसफाईला चार महिने लागले. तेव्हा मागचा लाल पडदा दिसला, तो मी जन्मात पाहिला नव्हता.

खरी दमछाक कागदांची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं कापडावरचं चित्र पुरातत्त्व खात्याकडे नोंदवावं लागतं. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. अर्ज, फोटो, मोजमाप, मालकी कशी आली त्याचा पुरावा. असं चित्र खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक आपोआप बाद. भाव त्यानेही उतरतो, हे विकायला निघालेल्याने आधीच धरून चालावं.

मालकीचा पुरावा आत्याच्या ट्रंकेत सापडला. आजोबांच्या मुंजीचा फोटो. बटू मांडीवर, मुंडावळ्या, आणि मागच्या भिंतीवर महाराज. चौकटीचा उडालेला टवकासुद्धा तोच. फोटोमागे पणजोबांच्या मोडी अक्षरात तिथी लिहिलेली. ती भारत इतिहास संशोधक मंडळात येणाऱ्या एका जाणकारांनी वाचून दिली. माझ्या मते त्या फोटोने चित्राला जेवढं वजन आलं, तेवढं सहीनेच आलं असतं.

लिलावात राखीव किंमतीच्या, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही असं ठरलेल्या भावाच्या, थोडं वर हातोडा पडला. घेणारे बडोद्याचेच निघाले, याचं आईला फार समाधान वाटलं. नोंदणीचं प्रमाणपत्र चित्राबरोबर गेलं. संस्थेने मुंजीचा मूळ फोटोही मागितला होता. आईने प्रत काढून दिली आणि मूळ फोटो देवघरात ठेवला.