जांभळ्या पाटीखालची रिकामी जागा

शनिवारी इथे अमेरिकेत मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण सामान आणायला गेलो होतो, गाडी तिची. दुकानाच्या दारासमोर नेहमीच्या निळ्या व्हीलचेअरवाल्या जागा आणि त्यांना लागूनच एक जांभळी पाटी, पर्पल हार्ट, म्हणजे लढाईत जखमी झालेल्यांना मिळणारं अमेरिकी पदक, ते मिळालेल्या सैनिकांसाठी राखीव. जागा अर्धी रिकामी होती, अर्धी म्हणजे दुकानवाल्यांनी तिथेच ट्रॉल्यांची रांग लावून ठेवलेली, पण गाडी मावली असती. तिच्या गाडीला पर्पल हार्टचीच नंबर प्लेट आहे, पदकाच्या चित्राची. तरी ती थांबली नाही, सरळ पुढे गेली आणि पार टोकाला नेऊन गाडी लावली. मी म्हटलं तिथे जागा होती की, तर म्हणाली राहू दे, माझे पाय धड आहेत.

पाय धड आहेत हे खरंय. ती सैन्यात असताना इराकमध्ये होती, ट्रक चालवायची, रस्त्यात पुरलेला बॉम्ब तिच्या ट्रकजवळ फुटला. डाव्या कानाने तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि डोकं दुखायला लागलं की दोन दोन दिवस दुखतं. आता इतकी सवय झालीये की तिच्याबरोबर चालताना मी आपोआप तिच्या उजव्या बाजूला येते. पण हे सगळं पार्किंगमध्ये लांबून बघणाऱ्याला कसं दिसणार? त्याला दिसते एक चाळिशीची, फिट दिसणारी बाई, पटकन गाडीतून उतरून चाललेली.

मग परत येताना तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ती अशाच एका जागेत गाडी लावून उतरली तर एक आजोबा मुद्दाम जवळ आले, अगदी प्रेमाने म्हणाले, तुमच्या मिस्टरांना माझे आभार सांगा, त्यांनी देशासाठी खूप केलंय. तिने थँक्यू म्हटलं आणि आत गेली. म्हणाली, काय सांगणार त्यांना, ते बिचारे चांगल्या मनानेच बोलत होते, आणि मी पार्किंगमध्ये उभं राहून माझ्या जखमेची गोष्ट सांगायची का? त्यानंतर तिने त्या जागेत गाडी लावणं सोडून दिलं. मला ऐकून इतकं वाईट वाटलं की घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की पर्पल हार्ट म्हणजे शौर्यपदक. तसं नाहीये. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्याला किंवा मारल्या गेलेल्याला ते मिळतं, किती पराक्रम केला हे त्यात मोजत नाहीत. मूळ १७८२ चं, जॉर्ज वॉशिंग्टनने सुरू केलं तेव्हा ते कापडाचं हृदय होतं आणि कामगिरीसाठी दिलं जायचं, नंतर कितीतरी वर्षं ते कुणाला दिलंच नाही, मग १९३२ मध्ये वॉशिंग्टनच्या दोनशेव्या जयंतीला पुन्हा सुरू झालं. जखम म्हणजे काय यावरही वाद झालेत. स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला बसणारा मार नेमका कधी धरायचा हे संरक्षण खात्याने २०११ मध्ये जास्त स्पष्ट केलं. पीटीएसडीला, म्हणजे युद्धाच्या अनुभवाने मनावर राहून जाणाऱ्या आघाताला, मात्र पर्पल हार्ट नाही असं २००९ मध्येच जाहीर झालं. म्हणजे ज्यांना पदक आहे त्यांच्यातसुद्धा वरून न दिसणाऱ्या जखमांची माणसं खूप आहेत, कान, डोकं, पोटात राहिलेला बॉम्बचा तुकडा.

आता कुणी म्हणेल की एवढं आहे तर अपंगांच्या निळ्या जागा आहेतच ना. पण त्या वेगळ्या, त्यांच्यामागे १९९० चा अपंग हक्क कायदा आहे आणि त्या मुख्यतः ज्यांना चालायला त्रास आहे त्यांच्यासाठी, परमिट नसताना गाडी लावली तर चांगला सणसणीत दंड बसतो. दुकानासमोरची जांभळी पाटी बहुतेक ठिकाणी दुकानाच्या मालकाने स्वतःहून लावलेली असते, सन्मान म्हणून. तिथे कुणीही गाडी लावली तरी पोलीस सहसा काही करू शकत नाहीत, सगळं लोकांच्या चांगुलपणावर.

आणि इथेच माझं म्हणणं आहे. आमच्या टेक्सासमध्ये कायदाच आहे की पर्पल हार्टची प्लेट असलेल्या गाडीला सरकारी पार्किंग मीटरचे पैसे भरावे लागत नाहीत (खासगी पार्किंगला आणि केंद्र सरकारच्या जागांना तो लागू नाही). डाउनटाउनला गेलो की माझी हीच मैत्रीण मीटरसमोर गाडी लावते आणि बिनधास्त चालायला लागते! तिथे तिला संकोच नाही, कारण तिथे कुणी तोंडाकडे बघून ठरवत नाही, प्लेट आहे म्हणजे आहे. ती प्लेट मिळवताना तिने सैन्यातून बाहेर पडतानाचा कागद, डीडी २१४ म्हणतात त्याला, तो दाखवून सगळं सिद्ध केलेलंच आहे, मग दर शनिवारी नव्याने कशाला सिद्ध करायचं? आपल्याकडे भारतात राष्ट्रीय महामार्गांवर परमवीर, अशोक, महावीर, कीर्ती, वीर आणि शौर्य चक्रवाल्यांना टोल माफ आहे, ओळखपत्र दाखवायचं आणि पुढे जायचं, तेही नियमात लिहिलेलं आहे. नियमात असलं की माणसाला मान मागावा लागत नाही. म्हणून मला वाटतं या जांभळ्या जागांनाही शहरांनी नियम करावा, प्लेट असेल त्याचीच गाडी, बाकी कुणाची दिसली तर दंड. आणि तोवर आपण बाकीच्यांनी दोन गोष्टी तरी कराव्यात, पाच मिनिटांचं काम असलं तरी तिथे गाडी घालू नये, आणि तिथून उतरलेल्या माणसाकडे, विशेषतः बाईकडे, वरपासून खालपर्यंत बघत उभं राहू नये. बघायचंच असेल तर प्लेट बघा.

सोमवारी मी त्या दुकानाच्या मॅनेजरला जाऊन भेटले. म्हटलं पाटी तुम्ही लावलीत ही फार चांगली गोष्ट आहे, पण पाटीखाली ट्रॉल्या ठेवल्यात त्याचं काय? खाली जमिनीवरचा जांभळा रंग तर इतका उडालाय की ती राखीव जागा आहे हे अर्ध्या लोकांना कळतच नसेल. त्याने ऐकून घेतलं, चेहरा उतरला त्याचा, लक्षातच आलं नव्हतं म्हणाला. काल गेले तेव्हा ट्रॉल्या हलवलेल्या होत्या. रंग अजून मारलेला नाही, पुढच्या शनिवारी परत जाऊन विचारणार आहे.